पर्यावरणशास्त्रात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण जोडून घ्यावे का?

आपण पर्यावरणशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि पदवी व पदव्युत्तर शिक्षण जोडणारा अभ्यासक्रम एक वर्ष वाचवतो म्हणून तो घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मी अशाच जोड अभ्यासक्रमातून बाहेर पडलो आहे. माझ्या मते तो अवश्य घ्यावा, मात्र वर्ष वाचते हे कारण पुरेसे नाही.

ते वर्ष वाचते कसे, हे आधी पाहू. अमेरिकेतील प्रचलित पद्धतीत पदवीला साधारण १२० आणि पदव्युत्तर पदवीला साधारण ३० श्रेयांक (क्रेडिट) लागतात. जोड अभ्यासक्रमात त्यांतील काही श्रेयांक दोन्हीकडे धरले जातात आणि सहा वर्षांचे काम पाचांत बसते. म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षात वरच्या स्तराचे विषय येऊन पडतात आणि ते वर्ष जड जाते.

खरा लाभ सलगतेचा आहे. आपल्या विषयात एका ऋतूची मोजमापे फारसे काही सांगत नाहीत. एकाच तळ्यातला विरघळलेला प्राणवायू पहाटे आणि दुपारी वेगळा भरतो, कारण शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण रात्री थांबते आणि श्वसन मात्र चालूच राहते. हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखीवर १९५८ पासून शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या वर्षात ऋतूंप्रमाणे होणारा चढउतार दिसला. तोच चढउतार आदल्या वर्षापेक्षा वरच्या पातळीवर आहे हे कळायला पुढचे वर्ष उजाडावे लागले. दोन वर्षांच्या स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षणात विषय ठरवून प्रत्यक्ष जागेवर पोहोचेपर्यंत बहुधा एकच ऋतुचक्र हाती उरते. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून त्याच जागेवर, त्याच मार्गदर्शकाकडे काम सुरू झाले तर दोन चक्रे सहज मिळतात.

शिवाय चुकायला सवड मिळते. विंकलर पद्धतीने, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात रसायने घालून, विरघळलेला प्राणवायू मोजताना नमुन्याच्या बाटलीत बुडबुडा राहिला तर त्यातला प्राणवायूही मोजला जातो आणि आकडा फुगतो. बाटली काठोकाठ भरून, बूच तिरके सरकवत लावायचे, हे मला पहिल्या महिन्याच्या सगळ्या नोंदी बाद झाल्यावर समजले. मोजमापाला वर्षच उरले असते तर त्या महिन्याची पोकळी प्रबंधात तशीच राहिली असती.

अडचण आहे ती विषय लवकर ठरवण्याची. विसाव्या वर्षी जलप्रदूषण आवडते म्हणून तेच पाच वर्षे आवडेल असे नाही, आणि पुढे पर्यावरण कायद्याकडे किंवा धोरणाकडे वळायचे असेल तर पदवी घेऊन मोकळे होणे अधिक सोयीचे. म्हणून प्रवेशाआधी संख्याशास्त्राचा आणि भौगोलिक माहिती प्रणालीचा (संगणकावर नकाशे आणि स्थानांची माहिती हाताळण्याचा) एकेक विषय पूर्ण करावा. या दोन गोष्टी विषय बदलला तरी वाया जात नाहीत. (रसायनशास्त्र टाळून पर्यावरणशास्त्र करता येईल, या भ्रमात मात्र राहू नये.)

विभागाच्या कार्यालयात दोन गोष्टींची लेखी खात्री करून घ्यावी. मध्येच थांबावे लागले तर पदवी हातात मिळते का, हे पहिले. आपली नोंद कोणत्या सत्रापासून पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून होते, हे दुसरे. कारण त्या दिवसापासून पदवीची शिष्यवृत्ती बंद होऊ शकते आणि शुल्काचा दर बदलू शकतो.