आधी खोड, मग बाकीचं
भाऊ, संत्र्याची बाग घेतलीस, चांगलं केलंस. पण रोज संध्याकाळी कृषी केंद्रावर टॉनिकच्या बाटल्या विचारत बसतोस, तो वेळ झाडाच्या बुंध्याशी घाल. काटोलकडं मी मोडीत निघालेल्या बागा पाहिल्या, त्या बहुतेक डिंक्या रोगानं बसल्या. पाणी खोडाशी साचलं की बुरशी शिरते, साल फुटून डिंक गळतो, अन् पानं पिवळी पडेस्तोवर आपल्याला पत्ताच नसतो.

म्हणून दुहेरी आळं कर. आतलं कोरडं, पाणी बाहेरच्यात. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, असा बोर्डो मलम पावसाळ्याआधी अन् नंतर खोडाला ३ फुटांपर्यंत लाव. त्या दिवसांत कोणाच्या लग्नाला जाऊ नको. (मी गेलो होतो. पुढच्या वर्षी चाळीस झाडं उपटली.) कलमाचा डोळा (कलम बांधलं ती जोडाची जागा) मातीखाली गेला असेल तर आजच उकर.

फवारणीचं वेळापत्रक, बाजारभावाच्या गप्पा, नंतर बघू. अडलंच तर नागपुरात अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. मुळ्या अन् माती पिशवीत घेऊन जा, मोबाइलमधल्या फोटोवरून मुळांचं काही कळत नाही.