वाचक विचारतात : एकवीस फुटी घोडा आणि दोन डबे हरभरा

प्रश्न : माळेगावच्या यात्रेत घोडा घ्यायचा आहे. फोनवर एका जाणकारानं 'उंची 14.2 हात बघा' असं लिहिलं. कोपरापासून बोटापर्यंतचा आमचा हात दीड फुटाचा, म्हणजे घोडा एकवीस फुटांच्या वर जातो. गोठ्याचे पत्रे किती वर घ्यावेत? (एक वाचक, लोहा)

उत्तर : पत्रे दहा फुटांवर असतील तर राहू द्या. घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा असतो. आणि 14.2 मधला टिंब दशांशाचा नाही. 14 हात आणि वर 2 इंच, म्हणजे 58 इंच, साधारण 147 सेंटिमीटर. 14.3 नंतर थेट 15 येतं. '14.6' सांगणाऱ्या विक्रेत्याला माप कळत नाही, किंवा तुम्हाला कळत नसेल असं तो धरून चाललाय. घोडा सपाट, कडक जमिनीवर उभा करा. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंच हाडावर आडवी काठी ठेवा आणि तिथून सरळ खाली टेप सोडा. कानापर्यंतची उंची कुणी मोजत नाही.

प्रश्न : 'रोज दोन डबे हरभरा भिजवून द्या' असा सल्ला मिळाला. आमच्याकडे डबा म्हणजे गोडेतेलाचा, पंधरा किलोचा. दोन्ही भिजत घातलेत. घोडा खुशीत दिसतो, घरचे नाहीत. (एक वाचक, जिंतूर)

उत्तर : शेजाऱ्यापाजाऱ्यांना उसळीसाठी वाटून टाका, आजच. सल्ला देणाऱ्याचा डबा बहुधा जेवणाचा असावा. चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, डब्यानं मोजूच नये, काट्यावर तोलावी, तीही कोरडी. हरभरा भिजला की वजन जवळपास दुप्पट होतं.

आधी घोड्याचं वजन काढा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 160 आणि लांबी 150 असेल तर वजन साधारण 323 किलो. अशा घोड्याला एका वेळी दीड किलोच्या वर दाणा नको; हलक्या कामाच्या घोड्याला तेवढा दिवसभरातही पुष्कळ होतो. वाळलेला चारा मात्र किमान पाच किलो हवाच. नवा दाणा आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा.

घोड्याचं जठर अंगाच्या मानानं लहान, आणि त्याला उलटी होत नाही. जास्तीचा दाणा मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. त्यातून पोटशूळ होतो, खुरांचा दाहही होतो. घोडा पोटाकडे वळून बघतो, लोळतो, लीद बंद होते. खूर गरम लागतात, पाऊल टाकायला तो कचरतो. पण डब्यात तोंड घालून त्यानं भरपूर खाल्लं असेल तर या खुणांची वाट बघू नका, लगेच पशुवैद्यांना बोलवा. घशात तेल ओतणं तर अजिबात नको, ते फुप्फुसात उतरू शकतं.

प्रश्न : व्हिडिओत बघून तसाच उजवीकडून चढायला गेलो. घोडा गोल फिरत राहिला, मी एका पायावर त्याच्यामागे. (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : तो व्हिडिओ फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला असणार, त्यात कधीकधी डावं-उजवं उलटतं. मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसतात का, तेवढं बघा. बहुतेक घोडे डावीकडून चढण्याला सरावलेले असतात. तंगही, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, तपासा : घोडा आवळताना छाती फुगवतो आणि नंतर सोडतो. म्हणून खोगीर ठेवल्यावर, चार पावलं चालवून आणि वर बसल्यावर, असा तीनदा आवळा. खाली दोन बोटं जातील एवढीच ढील. नाहीतर खोगीर पोटाखाली जातं, बरोबर तुम्हीही.

प्रश्न : 'टाच खाली दाबा' लिहिलं होतं. दाबली, तसा घोडा सुटला! (एक वाचक, वसमत)

उत्तर : तुम्ही ती त्याच्या पोटात दाबलीत. रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, चवड्याचा भाग ठेवा आणि अंगाचं वजन घोट्यातून उतरू द्या. टाच आपोआप पंजाच्या खाली जाते, पोटाला लागत नाही. घोडा सुटलाच तर दोन्ही लगाम ताणून धरू नका. एकाच बाजूचा ओढत-सोडत मोठ्या गोलात वळवा आणि गोल लहान करत आणा. पायात चप्पल नको, पाऊण इंच टाचेचा बूट घाला. पाऊल रिकिबीतून आरपार गेलं तर पडल्यावर फरफट होते.