कलेची तासिका वेळापत्रकात आहे, ती वर्गात कशी आणावी?

जिल्हा परिषद आणि महानगरपालिका शाळांतील कलाशिक्षणाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत. पहिल्या पत्रातील अडचण ग्रामीण भागातील असंख्य शाळांची असल्याने त्याचे उत्तर अधिक विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. शाळा पहिली ते सातवीपर्यंत आहे आणि पट १३० च्या आसपास आहे. वेळापत्रकात कलेच्या तासिका आहेत, पण त्या वेळी गणित किंवा शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव घेतला जातो. समितीत विषय काढल्यावर शिक्षक म्हणाले की चित्रकलेचा शिक्षक मिळाला तर तासिका घेता येतील, आणि काही पालक म्हणाले की चित्रे काढून पोट भरत नाही. कायद्याने आम्हाला शिक्षक मिळू शकतो का? आणि गावाला हे पटवून कसे द्यावे?

उत्तर : प्रथम कायद्याचे पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा अधिक मुले असतील, तर तेथे पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या विषयांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. आपल्या शाळेचा एकूण पट १३० असला तरी सहावी आणि सातवी मिळून १०० मुले होणार नाहीत, त्यामुळे केवळ या तरतुदीच्या आधारे निदेशकाची मागणी केली, तर ती मान्य होण्याची शक्यता फार कमी आहे. मला हा या कायद्यातील गंभीर दोष वाटतो. ज्या गावात खासगी चित्रवर्ग नाही, गाण्याचा क्लास नाही आणि नाटक पाहायला तालुक्याला जावे लागते, तेथील मुलांनाच पटसंख्येच्या अटीमुळे कलेचा शिक्षक मिळत नाही. ही अट बदलावी, अशी मागणी पालकांनी लोकप्रतिनिधींकडे सातत्याने केली पाहिजे, परंतु तोपर्यंत आज चौथीत असलेली मुले शाळा सोडून गेलेली असतील, म्हणून आजच्या नियमांत काय करता येते ते पाहणे अधिक निकडीचे आहे.

त्याच कायद्यात आपल्या उपयोगाच्या आणखी दोन गोष्टी आहेत. कलम २९ मध्ये अभ्यासक्रमाने बालकाचा सर्वांगीण विकास साधावा, असे स्पष्ट म्हटले आहे, त्यामुळे कलेची तासिका ही कोणाच्या मर्जीवर अवलंबून असलेली सवलत राहत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कलम २१ नुसार ज्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात, त्या आपल्या समितीने कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो आणि शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या योजना व अनुदाने यांचा आधार तोच आराखडा असावा, असे कायदा सांगतो. अनेक ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापक एकटे भरतात आणि सदस्य सही करतात. त्यात वर्गखोल्या, स्वच्छतागृह आणि कुंपण यांची नोंद असते, कलेचा उल्लेख नसतो. पुढच्या आराखड्यात कागद, रंग, माती, एखादी पेटी किंवा ढोलकी, आणि एका शिक्षकाचे कलाविषयक प्रशिक्षण यांची स्पष्ट नोंद करून घ्यावी, आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहून त्याची प्रत केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांना पाठवावी. तोंडी विनंतीची दखल घेणे कोणावर बंधनकारक नसते, पण ठरावावर काय कार्यवाही झाली, हे पुढच्या सभेत विचारता येते.

वेळापत्रकाबाबत शिक्षकांशी वाद घालून काही साध्य होणार नाही. गणित आणि भाषेची पायाभूत कौशल्ये कमी पडली की त्यांना वरून जाब विचारला जातो, आणि कलेची तासिका झाली नाही म्हणून कोणी काही विचारत नाही. कला हा श्रेणी विषय असल्याने वर्षअखेरीस श्रेणी भरली की कागद पूर्ण होतो. म्हणून समितीने एवढेच ठरवावे की प्रत्येक वर्गाची आठवड्यातील किमान एक तासिका कोणत्याही सरावासाठी घेतली जाणार नाही, आणि महिन्याच्या सभेत अशा किती तासिका झाल्या, हे शिक्षकांनी सांगावे. एका तासिकेपासून सुरुवात केली, तर शिक्षकांनाही ते अशक्य वाटणार नाही.

चित्रकलेचा शिक्षक नसताना ती तासिका कोण घेणार, हा आपल्या शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. मात्र कलाशिक्षण म्हणजे केवळ चित्रकला, ही समजूत आधी दूर व्हायला हवी. आपल्या भागात भजनी मंडळ नसलेले गाव सापडणे कठीण आहे. तेथे पखवाज वाजवणारा, पेटी वाजवणारा, खड्या आवाजात भारूड म्हणणारा माणूस असतो, शिवाय लेझीम शिकवणारे आणि धनगरांचे गजी नृत्य करणारे लोक असतात, मातीची भांडी घडवणारे किंवा गौरी-गणपतीची सजावट करणारे हात असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही स्थानिक कलावंत आणि कारागीर यांना शाळेत मार्गदर्शक म्हणून बोलवावे, असे सुचवले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याच्या, परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. हे दोघेही आपापल्या समाजात आणि घरात ही कला शिकले होते, आणि अशी माणसे शाळेपासून हाकेच्या अंतरावर असताना आपण शिक्षक नाही म्हणून तासिका रिकामी ठेवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. येथे एक मर्यादा पाळावी. पूर्णपणे शासनाच्या निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे संविधानाचे अनुच्छेद २८ सांगते. म्हणून भजनी मंडळातील वादकाने मुलांना ताल, मात्रा, ठेका आणि आवाजाची फेक शिकवावी, आणि ती तासिका सर्व धर्मांच्या मुलांना सारखीच आपली वाटेल, याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. पाहुणा कलावंत वर्गात असताना वर्गशिक्षक तेथेच थांबले पाहिजेत. त्यातून मुलांची सुरक्षितता राहते, आणि काही महिन्यांनी ती तासिका स्वतः घेण्याचा आत्मविश्वासही शिक्षकांना येतो.

आता पोट भरण्याचा प्रश्न. असे म्हणणाऱ्या पालकांना कमी लेखू नये. मजुरी करून मुलाला शिकवणाऱ्या आईवडिलांना प्रत्येक तासाचा हिशेब करावाच लागतो. त्यांना सेवाग्रामचे उदाहरण सांगता येईल. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण देण्याची गांधीजींची पद्धत, पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत मुले सूत कातत, शेतात काम करत, सफाई करत, आणि शांतिनिकेतनात शिकून आलेले देवीप्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत तेथे कलेच्या शिक्षणात गढून गेले होते. अंगमेहनत करणाऱ्या घरातील मुलाला कला नको, असे गांधीजींच्या त्या शाळेने कधी मानले नाही.

तरीही उदाहरणांपेक्षा आपल्याच मुलाचे काम पाहून पालक लवकर वळतात. त्यासाठी स्नेहसंमेलनावर अवलंबून राहू नये. तेथे निवडक दहा-वीस मुले ध्वनिमुद्रित गाण्यावर बसवलेले नृत्य करतात आणि बाकीची प्रेक्षकांत बसतात, त्यामुळे पालकांच्या मनात कला म्हणजे वर्षातून एका संध्याकाळची हौस, हीच समजूत पक्की होते. त्याऐवजी एका सत्रातील तासिकांनंतर पालकसभेच्या दिवशी प्रत्येक मुलाचे काम, अगदी अपुरे राहिलेलेही, भिंतीवर लावावे आणि ते कसे केले, हे त्या मुलाने आपल्या पालकांना स्वतः सांगावे. घरात फारसे न बोलणारे मूल आपल्या कामाविषयी सलग बोलते, तेव्हा पालकांना वेगळे काही पटवून द्यावे लागत नाही. या सभेला सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यांना बोलवावे, आणि त्यानंतरच्या ग्रामसभेत ग्रामपंचायत विकास आराखड्यातील शिक्षणाच्या तरतुदीत कलासाहित्याचा समावेश करण्याचा ठराव मांडावा. हा ठराव आपण एकट्याने मांडण्यापेक्षा त्या सभेला आलेल्या पाच-सहा मातांनी मिळून मांडला, तर त्याला वजन येते.

प्रश्न : मी नाशिक शहरातील महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. संगीत ऐकल्याने बुद्धी वाढते आणि कला शिकल्याने गणितात गुण वाढतात, असे आम्हाला वारंवार सांगितले जाते. पालकांना हे सांगितले, तर ते लगेच तयार होतात. असे सांगणे योग्य आहे का?

उत्तर : नाही, आणि याबाबत मी आग्रही आहे. संगीताने बुद्धी वाढते, ही समजूत प्रामुख्याने १९९३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगातून पसरली. तो प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता. मोत्सार्टची रचना ऐकल्यावर अवकाशीय आकलनाच्या एका प्रकारच्या चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले आणि तो परिणाम काही मिनिटांतच ओसरला. लहान मुलांच्या बुद्धिमत्तेविषयी किंवा संगीत शिकण्याविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

याहून अधिक भरवशाचा अभ्यास अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात झाला. तेथील ४२ शाळांमध्ये, तिसरी ते आठवीच्या दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा त्यात समावेश होता. शहरातील कलासंस्थांच्या साहाय्याने कोणत्या शाळांत कलाशिक्षण वाढवायचे, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेले, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना न्याय्य ठरली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कलाशिक्षण वाढलेल्या शाळांत शिस्तभंगाबद्दल कारवाई झालेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण ३.६ टक्के बिंदूंनी घटले, लेखनाच्या चाचणीत सुधारणा झाली आणि इतरांविषयीची कणव वाढली. गणित, वाचन आणि विज्ञान यांच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही.

शेवटच्या वाक्याचा अर्थ पालकांना नीट समजावून सांगावा. कलेला वेळ दिला म्हणून गणित मागे पडले नाही, एवढे आपण प्रामाणिकपणे म्हणू शकतो, आणि पालकांच्या मनातील मुख्य भीती तीच असते. गुणवाढीचे आश्वासन देऊन पाठिंबा मिळवला, तर गुण न वाढलेल्या पहिल्याच वर्षी तो पाठिंबा जातो आणि त्याबरोबर तासिकाही जाते. शिवाय आपण स्वतःच कलेला गणिताची दासी ठरवतो. मुलाला लक्ष देऊन पाहता यावे, ऐकता यावे, चुकलेले पुन्हा करून पाहता यावे आणि मनातले दुसऱ्यापर्यंत पोहोचवता यावे, ही कारणे आपापल्या जागी पुरेशी आहेत. ती सांगताना संकोच वाटू देऊ नये.

प्रश्न : मी कोल्हापूरचा सेवानिवृत्त चित्रकला शिक्षक असून जवळच्या महानगरपालिका शाळेत विनामूल्य शिकवण्याची माझी इच्छा आहे. मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांसाठी तयार करावे का?

उत्तर : आपल्या इच्छेबद्दल मनापासून आभार. मुख्याध्यापकांशी तोंडी ठरवून सुरुवात करू नये. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाची लेखी परवानगी घ्यावी. आपल्या विनामूल्य सेवेमुळे रिक्त जागा भरण्याची गरज राहिली नाही, असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून ही व्यवस्था नियमित नेमणूक होईपर्यंतच आहे, असे ठरावात स्पष्ट लिहून घ्यावे. आपण आयुष्यभर जे शिकवले, त्याचे मोल त्या नोकरीत येणाऱ्या तरुण कलाशिक्षकालाही मिळाले पाहिजे.

परीक्षांबाबत सांगायचे तर इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दहावीत श्रेणीनुसार ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात. त्यामुळे पालक या परीक्षांना मान देतात आणि आपण त्याचा उपयोग अवश्य करावा, विशेषतः ज्या मुलांना परीक्षेचे शुल्क आणि रंगसाहित्य परवडत नाही त्यांच्यासाठी. परंतु या परीक्षांना मुळातच चांगला हात असलेली मुले बसतात. आठवड्यात आपण दोन दिवस देणार असाल, तर एक दिवस स्मरणचित्र, वस्तुचित्र आणि संकल्पचित्राच्या सरावाला द्यावा, आणि दुसरा दिवस पाचवी-सहावीच्या संपूर्ण वर्गाला द्यावा. त्या वर्गात श्रेणी देऊ नये, आणि आपल्याला चित्र येत नाही असे ठामपणे सांगणाऱ्या मुलांना पुढच्या बाकांवर बसवावे.