बिबट्याची पुडी

अरे, काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि झोपच लागली नाही, म्हणून लिहायला बसलोय. बिबट्याचा तो फोटो तूच एआयवर बनवून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलास हे स्वतःहून सांगितलंस, बरं केलंस. पण तू विचारतोस ना, की एवढी शिकलेली माणसं फसली कशी? कारण आपल्या नाशकात गंगापूर रोडला बिबट्या खरंच येतो. मळ्यातून, नदीकाठाने येतो, वनखात्याची माणसं येऊन पकडतात. भीती त्यांच्या मनात आधीच होती, तू फक्त तिला आपल्या पार्किंगचा पत्ता दिलास.

आणि तुला मजा कशाची आली तेही कळतंय मला. सगळी बिल्डिंग घाबरलीय आणि खरं काय ते फक्त मला माहितीय, हे फार गोड वाटतं, त्यात एरवी घरात आपलं कोणी ऐकत नसेल तर जास्तच. मी शाळेत असताना गोदेला पूर आलेला, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलेलं, आम्ही पोरं बघायला गेलो आणि मी उगाच ओरडलो, धरण फुटलं! माणसं पळाली, एक भाजीवाली मावशी टोपली टाकून पळताना पायरीवर पडली, मी गर्दीत शिरून घरी आलो आणि आजवर कोणाला बोललो नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतोय.

फिरकी घेणं वाईट असं नाही म्हणत मी. एक एप्रिलला आपण घेतोच, पण संध्याकाळपर्यंत सांगून टाकतो आणि ज्याची घेतली तोही हसतो. ती सांगायची वेळ टळली की माणूस अडकतो. इंग्लंडात कॉटिंग्ली गावात १९१७ ला नात्यातल्या दोन मुलींनी, एक सोळाची एक नऊची, कागदाच्या पऱ्या कापून टोपीच्या पिनांनी उभ्या केल्या आणि फोटो काढले. घरच्यांची गंमत, एवढंच. पण पुढे शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉयलनेच ते खरे मानले, १९२० ला मासिकात लेख लिहिला, मग एवढ्या मोठ्या माणसाला खोटं कसं पाडायचं म्हणून दोघी गप्प बसल्या. कबूल केलं ते १९८३ ला, म्हातारपणी.

तिथे निदान कोणाचा जीव गेला नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अफवेपायी मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, आणि त्याच दिवशी आपल्या मालेगावात जमावाने एका कुटुंबाला घेरलेलं, पोलिसांनी कसंबसं वाचवलं. त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ तर कराचीचा होता, मुलांना सांभाळा असं सांगणारा, त्यात उचलून नेलेलं मूल शेवटी परत आणून सोडतात. तेवढाच भाग कोणीतरी कापला होता बघ. तुझ्या फोटोला तर शेवटच नाहीये अजून.

म्हणून आज संध्याकाळी ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिही. ‘मजा केली’ असं नको लिहू, फोटो खोटा आहे आणि मी बनवलाय एवढंच, आणि तो पुढे ज्या ज्या ग्रुपवर गेलाय तिथेही टाकायला सांग. तळमजल्यावरच्या आजी चार दिवस झाले पहाटे सोमेश्वरच्या देवळात गेल्या नाहीत. त्यांना मेसेज नको, घरी जाऊन सांग. एकट्याने जायला जड वाटत असेल तर मी सातला गेटपाशी थांबतो.