त्यांना कळत नव्हतं, तुला कळत होतं

शिवाजी पेठेतल्या एका सुनेचं पत्र आलंय. मामंजींना दोन वर्षांपासून स्मृतिभ्रंश. तरुणपणी तालमीत घुमलेला गडी, पंजा अजून तसाच. रात्री पाणी प्यायला उठलेल्या सुनेला चोर समजून त्यांनी तिचा गळा धरला. श्वास कोंडला तशी तिने त्यांना ढकललं. ते चौकटीवर आपटले, मनगट मोडलं. नणंद म्हणाली, ‘त्यांना कळत नव्हतं, तुला तर कळत होतं ना?’ तेव्हापासून हिला घास उतरत नाही.

पोरी, आधी दोन घास खा.

मामंजींचा दोष नाही, कबूल. पण म्हणून आपला गळा त्यांच्या हवाली करायचा, हे कुठलं शास्त्र? दाबणाऱ्याच्या मनात पाप नसलं तरी जीव तेवढाच जातो. हे कायद्यालाही जुनं ठाऊक आहे. १८६० च्या दंड संहितेत कलम ९८ होतं, आता न्याय संहितेत ३६ आहे. भान हरपलेला माणूस अंगावर आला तर त्याचा गुन्हा नाही, पण तो शहाणा असता तर तुला बचावाचा जेवढा हक्क असता, तेवढाच आताही आहे. त्यातलं एक उदाहरण तर तुझ्याच घरातलं वाटावं: हक्काच्या घरात रात्री आलेल्याला कुणी चोर समजून मारायला धावतं. अट अशी, बचावापुरताच जोर.

मी कायद्याहून थोडी खाष्ट आहे. खरा चोर असता तर पुढचं विचारलं नसतं. हात सुटल्यावर तू काय केलंस? तूच लिहिलंयस, ओढणीची झोळी करून त्यांचा हात गळ्यात बांधलास आणि रिक्षा येईपर्यंत ‘मामंजी, मी आहे, मी’ म्हणत बसलीस. तुला कळत होतं ते हे, नणंदबाईंना सांग.

पण त्या रात्री असं होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आता सगळ्या घराला ठाऊक आहे. तेव्हा रात्रभर बारका दिवा ठेवा. पाण्याचा तांब्या तुझ्या उशाशी. त्यांच्याजवळ मागून जायचं नाही, समोरून, बोलत. हे एकाएकी वाढलं असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. लघवीच्या जंतुसंसर्गानं किंवा औषध बदलल्यानंही असं होतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेव. नवऱ्याचं अंथरूण आजपासून वडिलांच्या खोलीत.

आणि नणंदबाईंना शनिवारी मुक्कामाला बोलव. रात्री पाण्याला त्यांना उठू दे.