एकच शर्यत जिंकून चॅम्पियन? हो, आणि पूर्ण हक्काने

प्रश्न असा आहे: २०१८ च्या ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये (रस्त्यावरच्या मॉडेलांवरून बनवलेल्या गाड्यांची शर्यतमालिका) कॉलिन टर्किंग्टनने ३० पैकी एकच शर्यत जिंकली, तरी चॅम्पियन तोच. हे विजेतेपद चोरल्यासारखं नाही का? पुढे असणाऱ्याच्या गाडीत जादा वजन घालायचा आणि उलट्या ग्रिडचा, म्हणजे मागे आलेल्याला पुढून सोडायचा, नियम नसता तर कोण जिंकलं असतं?

‘चोरल्यासारखं’ हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. हाच शब्द मी आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकतोय, आणि दर वेळी समोर जेवणाचं पान असतं म्हणून गप्प बसतोय. आज बसणार नाही.

आधी आकडे. त्या मोसमात ३० शर्यती झाल्या आणि त्या १७ वेगवेगळ्या ड्रायव्हरांनी जिंकल्या. सतरा! म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दोनसुद्धा विजय येत नाहीत. तुम्ही ‘एकच’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर असं वर्ष असतं, ज्यात एक जण दहा-बारा शर्यती मारून नेतो. ते वर्ष तसं नव्हतंच. टॉम इन्ग्रम टोयोटा अव्हेन्सिस घेऊन पाठलाग करत होता, आदल्या वर्षीचा चॅम्पियन अ‍ॅश सटन सुबारू लेव्होर्गमध्ये होता, आणि टर्किंग्टन बीएमडब्ल्यू १२५आय घेऊन दर रविवारी तीनदा उतरायचा आणि गुण घेऊन परत यायचा. पहिल्याला २०, दुसऱ्याला १७, तिसऱ्याला १५, चौथ्याला १३, पाचव्याला ११, असं करत पंधराव्यालाही १ गुण मिळतो. दोनदा तिसरा आणि एकदा पाचवा आलात तर ४१ झाले. एकदा पहिला आलात आणि दोनदा खडीत जाऊन रुतलात तर २०. ही बेरीज ज्याला पटत नाही त्याने सुट्या शर्यती बघाव्यात, चॅम्पियनशिपच्या वाटेला जाऊ नये.

हे मी इतकं ठामपणे का म्हणतो ते सांगतो.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्येच वाढला. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, तिथे गाड्यांचं गॅरेज चालवायचे. पोराला गाडी चालवण्याचा हात होता, अगदी वेगळा हात होता, आणि काकांनी साठवलेले पैसे त्याच्यापायी ओतले. क्लब पातळीवरची एक मालिका होती, सगळ्यांच्या गाड्या एकसारख्या, छोट्या हॅचबॅक. मी तेव्हा नुकताच नोकरीसाठी तिकडे गेलो होतो. शनिवार-रविवार त्यांच्याबरोबर फिरायचो. टायरचं प्रेशर बघायचं, पेट्रोल मोजून भरायचं आणि शर्यतीच्या वेळी पिट वॉलवर, म्हणजे ट्रॅकलगतच्या कठड्यावर, बोर्ड धरायचा, ही माझी कामं. रेडिओ नव्हता. ड्रायव्हरला जे कळायचं ते त्या बोर्डावरून.

मोसमाची शेवटची शर्यत ब्रँड्स हॅचला, छोट्या इंडी सर्किटवर. तिथली एक फेरी जेमतेम मिनिटाची. आमची गुणपद्धत वर लिहिली तशीच होती. भाऊ ९ गुणांनी पुढे होता. मोसमात त्याने पाच शर्यती जिंकल्या होत्या, दुसऱ्या क्रमांकावरच्या मुलाने दोन. मी आदल्या रात्री वहीच्या पानावर मांडून ठेवलं होतं: समोरचा जिंकला आणि आपण पाचवे आलो तर गुण सारखे होतात, आणि सारखे झाले तर जास्त विजयांमुळे विजेतेपद आपलं. म्हणजे पाचवा नंबर पुरे. ते पान मी काकांना दाखवलं. त्यांनी नीट वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

शर्यतीत शेवटच्या पाच फेऱ्या उरल्या तेव्हा भाऊ तिसरा होता आणि तो दुसरा मुलगा पाचवा. याहून चांगलं काय हवं? मी बोर्डावर ‘पी ३’, म्हणजे तिसरा, लावलं, खाली ‘ओके’ लावलं. त्या बोर्डाला आडव्या खाचा असतात, पिवळ्या अक्षरांच्या पट्ट्या बाजूने सरकवाव्या लागतात, आणि ऑक्टोबरच्या थंडीत बोटं वळत नाहीत. भाऊ समोरून गेला. पुढच्या फेरीसाठी मी बोर्ड खाली घेतला, तर काकांनी तो माझ्या हातून ओढून घेतला. ‘ओके’च्या दोन्ही पट्ट्या काढून जमिनीवर टाकल्या आणि तिथे वरच्या दिशेचा बाण सरकवला. मी म्हटलं, “काका, गरज नाहीये.” ते म्हणाले, “माझा मुलगा तिसरा येऊन चॅम्पियन होणार नाही.”

बाण दाखवला त्याच फेरीत भाऊ पॅडॉक हिलच्या उतारावरून पुढच्या गाडीला चिकटून खाली गेला आणि चढ चढून ड्रुइड्सच्या वळणावर आत घुसला. तिथे जागा नव्हती. पिट वॉलवरून मला फक्त धूळ दिसली. गाडी परत आणली तेव्हा पुढचं डावं चाक आतल्या बाजूला मुडपलेलं होतं, सस्पेन्शनचा आर्म वाकला होता आणि दारावर समोरच्या गाडीचा निळा रंग लागला होता. शून्य गुण. तो दुसरा मुलगा आला पाचवाच, त्याला ११ मिळाले. दोन गुणांनी चॅम्पियन तो झाला.

तेव्हापासून काकांचं पालुपद एकच: “पाच जिंकणारा घरी आणि दोन जिंकणारा चॅम्पियन. चोरलं त्याने.” आणि माझ्यापुरती जोड: “तुझा तो ओके बघून त्याने पाय उचलला, पुढची गाडी अंतर काढून गेली, म्हणून नंतर घुसावं लागलं.” साखरपुडा असो, बारसं असो, गणपती असो, हे निघतंच.

आता तुम्हीच बघा, त्या मुलाने काय चोरलं? तो सबंध मोसम गाडी शाबूत ठेवून आला. पावसात सातवा, टायर खराब असताना आठवा, असं गोळा करत आला. आमच्या भावाने त्या वर्षी पाच जिंकल्या आणि चार वेळा गाडी उचलून ट्रेलरवर घालावी लागली. ते चार शून्य कोणी चोरले नव्हते.

म्हणूनच टर्किंग्टनबद्दल कोणी असं बोललं की मला लागतं. २०१८ च्या सप्टेंबर अखेरीस मी शेवटच्या शर्यती बघायला मुद्दाम ब्रँड्स हॅचला गेलो होतो. टूरिंग कारच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या आवारात, प्रेक्षकांना फिरता येतं, संघांच्या तंबूंच्या दोरीपर्यंत जाता येतं. एका तंबूत मेकॅनिक शिशाच्या पट्ट्या बसवत होता. दिसायला पाटीएवढी, पण एकेक पट्टी तो दोन्ही हातांनी छातीशी धरून आणत होता. ड्रायव्हरच्या शेजारी, जिथे एरवी माणूस बसतो, तिथे खाली जमिनीला पक्क्या केलेल्या खोक्यात त्या एकावर एक रचायच्या आणि टॉर्क पान्याने बोल्ट आवळायचे. कडक असा आवाज आला की पुढचा बोल्ट.

२०१८ मध्ये गाडीत घालायचं जादा वजन जास्तीत जास्त ७५ किलो होतं. गुणतक्त्यात जो पहिला असेल त्याला शनिवारच्या पात्रता फेरीतच ७५ किलो घेऊन उतरावं लागायचं, दुसऱ्याला ६६, तिसऱ्याला ५७, असं दहाव्याच्या ९ पर्यंत. पहिली शर्यत त्याच वजनावर. मग दुसऱ्या शर्यतीत पहिलीच्या निकालाप्रमाणे आणि तिसरीत दुसरीच्या निकालाप्रमाणे पट्ट्या बदलायच्या. एक धडधाकट माणूस शेजारी बसवून शर्यत करायची, असा हिशेब. ब्रेक आधी मारावा लागतो, वळणातून बाहेर पडताना गाडी जडावते आणि शेवटच्या फेऱ्यांत टायर हात वर करतात. ज्यांची पुढची चाकं ओढतात त्या गाड्यांचे पुढचे टायर आणखी लवकर जातात, कारण वळवायचं काम त्यांचं आणि ओढायचंही त्यांचंच. बीएमडब्ल्यूला मागची चाकं ढकलतात, त्याचा टर्किंग्टनला फायदा होता, हे मान्य. शर्यत सुटताना तर तो फायदा उघड्या डोळ्यांनी दिसायचा.

पण एवढं वजन घेऊन, जिथे वीसहून जास्त गाड्यांच्या पात्रतेच्या वेळा एका सेकंदाच्या आत असतात तिथे, दर वेळी गुणांत येणं हे शर्यत जिंकण्याहून अवघड आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हलकी गाडी घेऊन पहिल्या ओळीतून सुटलेला जिंकला तर त्यात नवल काय? वजनदार गाडी घेऊन बाराव्या जागेवरून सहावा येणारा मला दाखवा. त्याच्याच संघातला, तशाच गाडीतला रॉब कोलार्ड अपघातानंतर मोसमाच्या शेवटच्या टप्प्यात बाहेर बसला आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा रिकी उतरला. शेवटपर्यंत धडपणे पोचणं हे इथे असं मोलाचं असतं.

उलट्या ग्रिडचं थोडक्यात: २०१८ मध्ये तिसऱ्या शर्यतीसाठी चिठ्ठी काढायचे, ६ ते १० मधला आकडा निघायचा, आणि दुसऱ्या शर्यतीत त्या क्रमांकावर आलेला सर्वांत पुढून सुटायचा. सतरा विजेत्यांमागे याचाही हात आहे. आणि ‘हे नियम नसते तर कोण जिंकलं असतं’ याला उत्तरच नसतं. नियम वेगळे असते तर सगळ्यांनी गाडी वेगळी चालवली असती. टर्किंग्टनला विजयांना जास्त मोल आहे असं सांगितलं असतं तर तो विजयांसाठी चालवत बसला असता. २००९ आणि २०१४ चा चॅम्पियन तो होताच, त्याला जिंकता येत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

हा वाद जुना आहे. १९५८ मध्ये ही चॅम्पियनशिप सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे गुण सारखे झाले. नाणं उडवून ठरवायचं निघालं होतं, ते दोघांनाही पटलं नाही. मग ब्रँड्स हॅचलाच पावसात दोन रायली गाड्या दिल्या, पाच फेऱ्या झाल्यावर गाड्यांची अदलाबदल, परत पाच फेऱ्या. एकूण वेळेत सीअर्स १.६ सेकंदांनी जिंकला. त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये माईक हॉथॉर्न एकच शर्यत जिंकून जगज्जेता झाला. स्टर्लिंग मॉसने चार जिंकल्या होत्या, तो दुसरा. हॉथॉर्नला कोणी चोर म्हणत नाही.

काकांकडे याला एक उत्तर आहे, २०१९. त्या वर्षीही चॅम्पियन टर्किंग्टनच. शेवटच्या शर्यतीत शेवटून दुसऱ्या फेरीला डॅन कॅमिशच्या होंडाचे ब्रेक गेले, नाहीतर विजेतेपद त्याचं होतं. दोन गुणांनी गेलं. काका म्हणतात, “बघ, तुझा टर्किंग्टन नशिबाचा.” त्या दिवशी नशीब होतं, मी कशाला नाकारू? पण त्याआधीच्या शर्यतीत धक्का लागून टर्किंग्टन गर्रकन फिरला होता आणि शेवटच्या शर्यतीत पार शेपटीवरून सुटला होता. तिथून त्याने गाडी सावरून वर आणली नसती तर कॅमिशचे ब्रेक जाऊन त्याचा काय उपयोग होता?

तुम्ही स्वतः कधी अशा मालिकेत उतरणार असाल, किंवा घरचं कोणी उतरणार असेल, तर एक ऐका. आदल्या रात्री गुण कागदावर मांडा आणि पिट वॉलवर बोर्ड एकाच माणसाच्या हातात ठेवा. तो माणूस ड्रायव्हरचा बाप नसावा.

दोन गोष्टी मात्र कबूल केल्या पाहिजेत. वजनाचा तो नियम मला पूर्ण पटत नव्हता. ७५ किलो फार होते, निम्म्यात भागलं असतं. आणि चॅम्पियनशिपला ६० वर्षं झाली म्हणून स्नेटरटनच्या ट्रॅकवर एक ६० मैलांची, दुप्पट गुणांची शर्यत ठेवली होती, ते मला अजिबात आवडलं नव्हतं. २९ शर्यतींना एक माप आणि एकीला वेगळं, हे चुकीचं. त्यावर तुम्ही आक्षेप घेतला असता तर मी तुमच्या बाजूने लिहिलं असतं.

आणि त्या ‘ओके’बद्दल. भाऊ आता शर्यती करत नाही, नोकरी करतो, त्याला दोन मुली आहेत. मध्ये एकदा आम्ही दोघंच गाडीतून लांब चाललो होतो तेव्हा तो आपणहून बोलला. म्हणाला, “दादा, ओके मी बघितला होता. पाय उचलला नव्हता. आहे तिथेच राहायचं ठरवलं होतं. मग पुढच्या फेरीला बाण दिसला, आणि बोर्डामागे पप्पा दिसले.” हे त्याने काकांना अजून सांगितलेलं नाही. मीही आजपर्यंत सांगितलं नव्हतं. काका रोज मराठी वाचतात.