हजार नाही, आठशे

"ताई, आम्ही विडी घरकुलात राहतो. मी विड्या वळते, मालक यंत्रमागावर आहेत. पोरगा एकोणीस वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, दोन विषय राहिलेत. दिवसरात्र ते रॅप चालू. केस वाढवलेत, गळ्यात जाड साखळी. परवा शेजारणीनं मोबाइलवर दाखवलं, ह्यानं माझ्यावर गाणं केलंय. आईची बोटं तंबाखूनं काळी, दिवसाला हजार विड्या, त्यातनं माझी फी, असं सगळं. मधेच दोन घाण शिव्या. हजार तर आता होतच नाहीत, आठशे म्हणजे डोक्यावरून पाणी. गड्ड्याच्या जत्रेत पोरं त्याच्यासोबत फोटो काढायलेत आणि मी खाली मान घालून चालायलेय. मालक म्हणतात, घराबाहेर काढतो. मी मोबाइल काढून घेऊ का?"
– एक आई, सोलापूर

ताई,

मोबाइल काढून घेऊ नका. आणि घराबाहेर काढायचं बोलणं आजच्या आज थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

साखळी आणि केसांचा राग मी समजू शकते, पण पत्र परत परत वाचल्यावर वाटलं, तुम्हाला खरं टोचलंय ते घरातलं चव्हाट्यावर आल्याचं. ते टोचणारच. बोटं तुमची, कष्ट तुमचे. गाणं लोकांपुढे टाकण्याआधी त्यानं तुम्हाला विचारायला हवं होतं. ही चूक मी पोटात घालणार नाही, तुम्हीही घालू नका. त्याला समोर बसवून सांगा.

पण या वयाची किती पोरं आईबापाचं काम लपवतात, तेही तुम्ही पाहिलं असेल. कॉलेजात कुणी विचारलं तर "आई घरीच असते" म्हणून मोकळी होतात. तुमच्या पोरानं विड्या, तंबाखू, फी, सगळं उघड सांगितलं. ही हिंमत त्याला कुठून आली, तर त्या रॅपमधूनच आली.

११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका शाळकरी मुलीनं शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून राहत्या इमारतीतच पार्टी ठेवली. तिकीट लावलं, आणि तिचा भाऊ कूल हर्क यानं रेकॉर्ड वाजवल्या. रॅप ज्यातून आलं त्या हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. गरीब, बहुतेक काळ्या आणि लॅटिन लोकांची ती वस्ती. वाद्यं घ्यायला आणि शिकायला पैसे नसलेल्या पोरांनी जुन्या रेकॉर्डच्या तालावर आपल्या गल्लीचं बोलायला सुरुवात केली. आपल्याकडे ते मुंबईत डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांनी अंधेरी-कुर्ल्याच्या गल्ल्यांतून आणलं. पुण्याच्या ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला आणि गावोगावच्या पोरांच्या गळ्यात साखळ्या आल्या. साखळी उद्या जाईल, तिच्यावर भांडण खर्च करू नका. "मी जिथला आहे तिथलंच बोलणार" हे मात्र त्याच्याजवळ राहू दे.

मालकांना आपल्याच गावची एक गोष्ट सांगा. पेशवाईतले शाहीर राम जोशी सोलापूरचे. घर भटा-पुराणिकांचं आणि हा पोरगा तमाशाच्या फडात रमलेला. त्यापायी थोरल्या भावानं घराबाहेर काढलं, असं सांगतात. मग पंढरपूरला जाऊन ते संस्कृत शिकले, कीर्तनं केली, आणि पुन्हा लावणीकडेच आले. त्यांच्या लावण्यांत ती विद्या दिसते. कलगी आणि तुरा या शाहिरांच्या दोन पक्षांच्या सवाल-जवाबात एकमेकांना शब्दांत पकडायचे, तेच आजची पोरं रॅप बॅटल म्हणून करतात. सोलापुरात तर एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी कानावर पडतात. यमकं जुळवणाऱ्या पोराला याहून मोठी शिदोरी कुठे मिळायची?

आता शिव्यांचं. त्या दोन शिव्या आईबहिणीवरच्या असणार. आईवरच्या गाण्यात आईवरूनच शिवी! हे तुम्हीच त्याला विचारा, माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून त्याला जास्त लागेल. दुसऱ्याचं ऐकून उचललेली शिवी आहे ती. एवढं गाणं लिहिणाऱ्याला तिथं आपला शब्द सुचत नाही, असं मला वाटत नाही.

राहिलेले दोन विषय मात्र सुटलेच पाहिजेत, इथे मी तुमच्याच बाजूची. रॅपवर घर चालणारी पोरं फार थोडी. त्यातून या धंद्यात फसवणारे पुष्कळ: गाणं व्हायरल करून देतो म्हणून पैसे मागतील, न वाचता सही घेतील. त्यानं कुणाला पैसे दिलेत का, कसला कागद केलाय का, हे शांतपणे विचारून घ्या. बीट, म्हणजे गाण्यामागचं तयार संगीत, कुठून घेतली तेही विचारा. यूट्यूबवर फुकट मिळणाऱ्या बऱ्याच बीटखाली अट असते, गाण्यातून कमाई करायची तर आधी परवाना विकत घ्या. करार वाचता येणं, हिशेब कळणं, याला त्याचं बी.कॉम.च उपयोगी पडेल. परीक्षेपर्यंत स्टुडिओ बंद, लिहिणं चालू. एवढं ठरवून घ्या.

आणि तुमच्या पत्रातलं एक वाक्य: हजार तर आता होतच नाहीत, आठशे. इतक्या संतापातही तुम्ही त्याचा शब्द न् शब्द ऐकलात आणि आकडा चुकलेला पकडलात. रविवारी विड्या वळायला सूप मांडीवर घेऊन बसाल तेव्हा त्याला जवळ बोलवा. मोबाइल बाजूला ठेवून ते गाणं नुसतं तोंडानं म्हणायला सांगा. हजारावर आला की थांबवा. आठशेच का होतात, पाठ कधीपासून दुखते, किती विड्या छाट म्हणून बाजूला काढतात, सगळं सांगा. यातलं काय गाण्यात घ्यायचं आणि काय घरातच ठेवायचं, तेही तुम्हीच सांगा. त्याला लिहून घेऊ दे.